साडेतीन ताऱ्यांचा हिशेब

गेल्या वर्षी एका गायकवृंदाचा भक्तिगीतांचा संग्रह आमच्याकडे परीक्षणासाठी आला. लेखाखाली पाचपैकी तारेही द्यावेत, अशी विनंती होती. आम्ही साडेतीन दिले. पुढे एका रविवारी मिस्सानंतर गायकवृंदाच्या प्रमुख बाईंनी शांतपणे विचारले, “फादर, दीड तारा कुठे गेला?” आम्ही निरुत्तर झालो.

संग्रह पुन्हा ऐकला. कीबोर्डाच्या आवाजाखाली शब्द दबले होते. दोन गीतांत चालीसाठी ऱ्हस्व अक्षरे ताणल्याने अर्थ विस्कटला होता. प्रार्थनागीतात शब्दच ऐकू येऊ नयेत, हा लहान दोष नव्हे. पण परीक्षणात आम्ही त्याचा उच्चारही केला नव्हता. दोन दिले तर माणसे दुखावतील, पाच दिले तर वाचक हसतील, म्हणून मधला आकडा निवडला होता. तो संगीताचा नव्हे, आमच्या संकोचाचा आकडा होता.

जाणकारांतही एकमत नसते. १९६२ साली अमेरिकेतील ‘डाउन बीट’ नियतकालिकाने ऑर्नेट कोलमन यांच्या ‘फ्री जॅझ’ या ध्वनिमुद्रिकेची दोन परीक्षणे छापली. एका परीक्षकाने पाच तारे दिले, दुसऱ्याने एकही नाही. केवळ सरासरी काढली असती तर अडीच तारे उरले असते आणि ते दोघांचेही मत नसते. आपली आकाशवाणीही ‘बी’, ‘बी हाय’, ‘ए’, ‘टॉप’ अशा श्रेणी देते. परंतु तिथे कलावंताची योग्यता ठरते, एखाद्या कृतीची नव्हे.

आमच्या नाशिक रोडला नोटा छापल्या जातात. नोटेवरील आकड्यामागे रिझर्व्ह बँकेचे वचन असते, म्हणून त्या कागदाला मोल. ताऱ्यामागे परीक्षकाची कारणे असावी लागतात. म्हणून संग्रह निदान दोनदा ऐकावा; तो कोणासाठी आणि कशासाठी आहे, हे पाहावे; तुलना त्याच जातीच्या कामाशी करावी. लहान धर्मग्रामाच्या गायकवृंदाकडून मुंबईच्या स्टुडिओची सफाई मागू नये. शब्दोच्चार मात्र अवश्य मागावा, त्याला पैसा लागत नाही. आधी कारणे लिहावीत, आकडा शेवटी.

त्याप्रमाणे आम्ही बाईंना गीतवार पत्र लिहिले. शेवटी हेही कबूल केले की, या कारणांनुसार तारे तीनच होतात. वरचा अर्धा आमच्या भिडेचा होता.