स्वयंघोषित सूक्ष्मराष्ट्रे आणि मुक्त दादरा व नगर हवेली : एक चिकित्सा

प्रस्तावना :
एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या शेताला, बेटाला अथवा समुद्रातील ओसाड चौथऱ्याला स्वतंत्र राष्ट्र म्हणून घोषित करावे, ध्वज व मुद्रा तयार कराव्यात आणि स्वतःस राजा म्हणवून घ्यावे, अशा उपक्रमांना 'सूक्ष्मराष्ट्र' ही संज्ञा दिली जाते. त्यांकडे पाहण्याची दृष्टी बहुधा कौतुकाची किंवा उपहासाची असते. प्रस्तुत लेखात या संकल्पनेची चिकित्सा पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याच्या सीमेलगत घडलेल्या एका उदाहरणाच्या आधारे केली आहे.

सूक्ष्मराष्ट्रांचे स्वरूप :
पॅडी रॉय बेट्स या माजी ब्रिटिश सैन्याधिकाऱ्याने 1967 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यापासून सुमारे बारा किलोमीटर अंतरावरील महायुद्धकालीन सागरी ठाण्यावर 'सीलँड'ची घोषणा केली. ऑस्ट्रेलियात लिओनार्ड कॅस्ली या शेतकऱ्याने गव्हाच्या विक्रीवरील कोट्याला विरोध म्हणून 1970 मध्ये 'हट रिव्हर' हे संस्थान जाहीर केले. 2020 मध्ये ते विसर्जित झाले. राज्याच्या लक्षणांसंबंधी 1933 च्या माँटेव्हिडिओ करारात स्थायी लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता अशा चार अटी सांगितल्या आहेत. वरील उदाहरणांत भूप्रदेश नाममात्र असतो आणि प्रजा म्हणजे बहुधा संस्थापकाचे कुटुंब. येथे सत्तेची चिन्हे आहेत. परंतु ज्यांच्यावर सत्ता चालवावी असा समाज नाही.

मुक्त दादरा व नगर हवेली :
पोर्तुगीज अमलाखालील हा सुमारे 490 चौरस किलोमीटरचा प्रदेश भारतीय भूमीने वेढलेला होता. 22 जुलै 1954 च्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या कार्यकर्त्यांनी दादरा मुक्त केले. त्यानंतर आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक नगर हवेलीत उतरले व 2 ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त झाले. राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावे या लढ्याशी निगडित आहेत. भारताने हा प्रदेश तत्काळ विलीन करून घेतला नाही. त्यामुळे सात वर्षे येथे वरिष्ठ पंचायतीच्या नावाने कारभार चालला. पोर्तुगीज तिकिटांवर 'मुक्त प्रदेश' या अर्थाची इंग्रजी अक्षरे छापून ती वापरात आणली गेली. पोर्तुगालने 1955 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. 12 एप्रिल 1960 च्या निर्णयात खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांच्यापुरता पोर्तुगालचा मार्गाधिकार मान्य झाला; सशस्त्र दले, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांच्यासाठी तो नाकारण्यात आला आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नसल्याचाही निर्वाळा दिला गेला. पुढे 1961 मध्ये भारतीय प्रशासन सेवेतील बदलानी यांस एका दिवसापुरते या प्रदेशाचे प्रमुख करण्यात आले व त्यांनी पंडित नेहरूंसमवेत विलीनीकरणाच्या करारावर स्वाक्षरी केली. दहाव्या घटनादुरुस्तीने 11 ऑगस्ट 1961 पासून हा केंद्रशासित प्रदेश झाला.

समीक्षा :
वरकरणी येथेही सूक्ष्मराष्ट्राचीच सामग्री दिसते : तिकिटे, अल्पकालीन कारभार, एका दिवसाचा प्रमुख. मात्र भेद मूलभूत आहे. सीलँडचा संस्थापक राज्य टिकवण्यासाठी घोषणा करतो. येथे राज्य संपवण्यासाठीच ते धारण केले गेले. म्हणून त्याचे यश टिकण्यात नसून विसर्जनात आहे. सार्वभौमत्व हे येथे अलंकार नसून, कायद्याच्या अडचणीतून वाट काढण्याचे साधन ठरले.

तथापि या गौरवाला एक मर्यादा आहे. मराठी वाचकाच्या स्मरणात हा प्रसंग प्रामुख्याने मुक्तिवीरांचा आणि निधी उभारणाऱ्या कलावंतांचा राहिला आहे. ज्या प्रदेशातील बहुसंख्य रहिवासी वारली, कोकणा, धोडिया असे आदिवासी होते, त्यांचा आवाज या कथनात क्षीण ऐकू येतो. पोर्तुगीज काळातील 'अल्वारा' व 'तेरम' या जमीनधारणा पद्धती रद्द करणारा भूसुधारणा विनियम 1971 साली आला; म्हणजे ध्वज बदलल्यानंतर सतरा वर्षांनी. ज्याच्या पायाखालच्या जमिनीची मालकी बदलत नाही, त्याच्या दृष्टीने सत्तांतराचा अर्थ अपुराच राहतो. सीलँडला प्रजा नव्हती. येथे प्रजा होती, पण तिची गाथा लिहिली गेली नाही.

निष्कर्ष :
स्वयंघोषित राष्ट्राचे मूल्यमापन त्याच्या ध्वजावरून किंवा संस्थापकाच्या विक्षिप्तपणावरून करणे अपुरे आहे. घोषणा कोणासाठी केली आणि तिने कोणाचे जीवन बदलले, हे दोन निकष अधिक विश्वसनीय ठरतात. पहिल्या निकषावर मुक्त दादरा व नगर हवेली सर्व सूक्ष्मराष्ट्रांहून श्रेष्ठ ठरते. दुसऱ्या निकषावर तिचे मूल्यमापन अद्याप शिल्लक आहे. ते करण्यासाठी मुक्तिवीरांच्या आठवणींसोबत गावोगावच्या जमिनीच्या नोंदी आणि आदिवासींच्या मौखिक परंपरा अभ्यासल्या जाणे आवश्यक आहे.