‘सेव्हन’ : पापांच्या यादीबाहेरचा बळी

डेव्हिड फिंचर दिग्दर्शित ‘सेव्हन’ हा अमेरिकन चित्रपट १९९५ साली प्रदर्शित झाला. खुनांची मालिका रचणारा एक इसम ख्रिस्ती परंपरेतील सात पापांपैकी एकेकाच्या नावाने एकेक बळी घेतो आणि दोन गुप्त पोलीस त्याचा माग काढतात, एवढेच त्याचे कथानक. खुनी हा विकृत असला तरी समाजाचा न्यायाधीश आहे, त्याची पद्धत क्रूर असली तरी त्याचे निदान बरोबर आहे, असा या चित्रपटाचा अर्थ पुष्कळदा लावला जातो. सुजाण प्रेक्षकही तसे बोलतात. आम्हांस हा अर्थ मान्य नाही. चित्रपट नीट पाहिला तर तो खुन्याचे निदान पदोपदी खोटे पाडतो, असे आमचे मत आहे.

प्रथम या सात पापांविषयी. त्यांना मराठीत ‘महापातके’ म्हणण्याची रीत आहे, पण ती दिशाभूल करणारी आहे. आपल्या धर्मशास्त्रातील ब्रह्महत्या, सुरापान, स्तेय इत्यादी महापातके ही कृत्ये होत. खादाडपणा, लोभ, आळस, कामवासना, गर्व, मत्सर आणि क्रोध ही कृत्ये नव्हेत, वृत्ती होत. ज्यांतून पुढे कृत्ये उपजतात अशी मुळे. म्हणून त्यांचे खरे नाते आपल्या षड्रिपूंशी आहे. काम, क्रोध, लोभ, मद आणि मत्सर तर दोन्हीकडे सामाईकच आहेत. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने अशा आठ दुष्ट विचारांची यादी केली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी तिची फेरमांडणी केली आणि पुढे तिलाच आजचे सातांचे रूप आले. यादीचा उपयोग कोणता, हे येथे महत्त्वाचे आहे. एकांतात बसलेल्या साधकाने आपलेच मन तपासावे, यासाठी ती होती. रिपू म्हणजे आतला शत्रू. शेजाऱ्याच्या अंगावर चिकटवण्याची ती चिठ्ठी नव्हे.

खुनी नेमके तेच करतो. त्याचे नाव जॉन डो. अमेरिकन कायद्यात बेनाव व्यक्तीस हे नाव लावतात. आमच्या दप्तरी भाषेत ‘अज्ञात इसम’. हा अज्ञात इसम पापी शोधून काढतो असे म्हणतात, पण तो प्रत्यक्षात पाप उभे करतो. स्थूल माणसाला पिस्तुलाच्या धाकाने मरेपर्यंत खाऊ घातले जाते. त्यात खादाडपणा कोणाचा? ‘आळशी’ म्हणून सापडलेल्या इसमाला वर्षभर खाटेला बांधून ठेवलेले असते. तो अमली पदार्थ विकणारा, अत्यंत नीच मनुष्य आहे खरा, पण आळस हा त्याचा दोष कोठेच दिसत नाही. त्याची निश्चेष्टता सर्वस्वी खुन्याने घडवलेली आहे. वासनेच्या प्रकरणात मरते ती वेश्या, आणि ज्या गिऱ्हाइकाकडून धाकाने ते भीषण कृत्य करवून घेतले जाते, तो जिवंत राहतो. वासना असलीच तर कोणाची, हा प्रश्न पटकथाकार अँड्र्यू केव्हिन वॉकर यांनी मुद्दामच मोकळा सोडला असावा.

शेवटचा हिशेब तर मुळीच जुळत नाही. मत्सर हे आपले स्वतःचे पाप, असे डो सांगतो. क्रोध तो तरुण अधिकारी मिल्सच्या हातून घडवतो. मग मिल्सची गरोदर पत्नी ट्रेसी कोणत्या पापासाठी मारली गेली? कोणत्याच नाही. सातांच्या यादीत तिला जागा नाही. ‘पाप्यालाच शासन’ हा खुन्याचा सारा दावा त्या एका पेटीपाशी कोसळतो. डोची योजना पूर्ण झाली म्हणून त्याचा विजय झाला, असे म्हणणारे ट्रेसीला विसरतात. एक दोष मात्र नोंदवला पाहिजे : पटकथाही तिला फारशी लक्षात ठेवत नाही. सॉमरसेटशी उपाहारगृहात होणारे तिचे बोलणे सोडले, तर ती केवळ शेवटाची तजवीज म्हणून वावरते.

आता सॉमरसेट. मॉर्गन फ्रीमन यांनी साकारलेला हा वयस्क अधिकारी निवृत्तीपासून सात दिवसांवर आहे. (त्या दिवसांत माणूस टेबल कसे आवरतो, हे आम्ही जाणतो.) रात्री ग्रंथालयात बसून तो दान्ते आणि चॉसर वाचतो, तर मिल्स त्याच ग्रंथांची परीक्षार्थींची गाइडे आणवतो. पण वाचनाने सॉमरसेट सुटलेला नाही. ज्याला आपण आळस म्हणतो, त्या पापाचे मूळ ग्रीक नाव ‘अकेडिया’. अर्थ अंग मोडण्याचा कंटाळा असा नव्हे, तर आस्था सुटणे, कशाचेच काही न वाटणे. शहरभर ही उदासीनता पसरली आहे, असे तो मद्यगृहात बोलतो. त्यावर मिल्स त्याला सुनावतो की, हे पटले म्हणून तुम्ही नोकरी सोडत नाही. सोडायची आहे म्हणून तुम्हांला हे पटते. आमच्या मते चित्रपटातील सर्वांत अचूक पापनिदान हेच, आणि ते करतो गाइडे वाचणारा!

त्याच रात्री सॉमरसेट, ज्याच्या ठोक्यांवर तो झोपी जात असे, ते तालयंत्र जमिनीवर आपटून फोडतो. सतत पावसात भिजणाऱ्या त्या निनावी शहरातून कथा अखेरीस उघड्या, उन्हाने भाजलेल्या माळावर येते. डोने मांडलेल्या खेळात सॉमरसेटला जागाच नसते. तरी पेटी तोच उघडतो, मिल्सला शस्त्र टाकावयास तोच विनवतो, आणि अपयशी ठरतो. मिल्सला गाडीतून नेले जाते. तुम्ही आता कोठे असाल, असे वरिष्ठ विचारतात, तेव्हा सॉमरसेट गावाकडच्या घराचे नाव घेत नाही. येथेच आसपास असेन, एवढेच तो सांगतो.