खेळाडूची पुनर्प्राप्ती आणि रक्तचाचणीचे प्रामाण्य : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात कारखानदारी वाढली, तरी कबड्डी व कुस्तीची आवड टिकून आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि जवळच्या बालेवाडी क्रीडासंकुलात व्यावसायिक सामने होऊ लागले. खेळ हा व्यवसाय झाल्यावर खेळाडूचा थकवा मोजण्याची गरज निर्माण झाली. त्यासाठी रक्तचाचणीला प्रमाण मानणे कितपत योग्य, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
तीव्र श्रमाने स्नायुतंतूंना इजा झाली की क्रिएटिन कायनेज हे विकर रक्तात मिसळते. त्याचे प्रमाण साधारणतः एक ते तीन दिवसांत कमाल पातळी गाठते. ते पूर्ववत होण्यास आणखी काही दिवस लागतात. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात (२०२३-२४) प्रत्येक संघ सुमारे बारा आठवड्यांत २२ साखळी सामने खेळला. विजेत्या पुणेरी पलटणचे वेळापत्रकही हेच होते. सरासरी चार दिवसांना एक सामना असताना वाढलेला आकडा कालच्या सामन्याचा की साचलेल्या थकव्याचा, हे एका नमुन्यावरून ठरवता येत नाही.

दुसरा प्रश्न संदर्भमर्यादेचा आहे. अहवालावर छापलेली मर्यादा सर्वसामान्य व्यक्तींची असते. मुगिओस यांच्या २००७ च्या अभ्यासात पुरुष खेळाडूंसाठी ती ८२ ते १०८३ एकक प्रतिलिटर इतकी विस्तृत आढळली. म्हणून तुलना त्याच खेळाडूच्या विश्रांतीकाळातील मूल्याशी व्हावयास हवी.

तिसरे असे की, सॉ व सहकाऱ्यांनी ५६ अभ्यासांचा आढावा घेऊन २०१६ मध्ये दाखविले की, झोप, थकवा व मनःस्थितीविषयी खेळाडूने स्वतः दिलेली माहिती रक्तातील घटकांपेक्षा सरावाचा ताण अधिक सातत्याने दर्शविते. तालमीतील वस्तादांची नित्याची विचारपूस त्यामुळे अशास्त्रीय ठरत नाही. यावर आक्षेप असा की, करार धोक्यात येईल या भीतीने खेळाडू थकवा लपवील. आक्षेप खरा आहे. परंतु तो दोष खेळाडूच्या उत्तराचा नसून, त्या उत्तराचा निवडीसाठी वापर करणाऱ्या व्यवस्थेचा आहे. रक्ताचा अहवाल त्याच व्यवस्थेच्या हाती गेल्यास भीती कमी न होता वाढेलच.

निष्कर्ष :
रक्तचाचणी त्याज्य नाही. लोहाची कमतरता ओळखण्यास, विशेषतः महिला खेळाडूंमध्ये, ती आवश्यकच आहे. मात्र पुनर्प्राप्तीचा निर्णय एका आकड्यावर सोपवू नये आणि अहवाल संघाच्या डॉक्टरांपाशी, खेळाडूच्या संमतीने, उपचारापुरताच राहावा. अन्यथा आरोग्यासाठी घेतलेले रक्त खेळाडूच्या उपजीविकेविरुद्ध पुरावा ठरेल.