खबरदारी कोणी घ्यायची : माणसाने की यंत्राने?

बंदुकीसारखा विषय या पानांवर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु यंत्रातील धोका यंत्रातच नाहीसा करायचा, की तो वापरणाऱ्याच्या सावधपणावर सोपवायचा, हा प्रश्न शाळेच्या प्रयोगशाळेपासून स्वयंपाकघरापर्यंत सर्वत्र आहे. अमेरिकेतील स्टर्म-रूगर कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांची हकिकत या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकते. म्हणून या कंपनीचे दुरुस्तीचे धोरण आणि त्याविषयीचे मालकांचे अनुभव, या दोहोंची येथे तपासणी करायचे आम्ही ठरवले.

प्रथम रचना पाहू. या रिव्हॉल्व्हरमध्ये सहा कप्प्यांचे एक फिरते चक्र असते व प्रत्येक कप्प्यात एक काडतूस बसते. काडतुसाच्या बुडाशी दिवाळीतील टिकलीसारखा, ठोका बसताच पेटणारा स्फोटक भाग असतो. अंगठ्याने घोडा मागे ओढायचा व चाप दाबायचा. मग स्प्रिंगच्या जोराने घोडा पुढे येऊन पिनवर आदळतो, पिन टिकलीवर आदळते आणि बार उडतो. कोल्ट कंपनीच्या १८७३ सालच्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरचीच ही धाटणी होती. रूगरने १९५३ साली ‘सिंगल सिक्स’ आणि १९५५ साली ‘ब्लॅकहॉक’ ही मॉडेल्स थोड्या फरकाने त्याच धाटणीवर काढली.

अडचण अशी, की घोडा पूर्ण खाली असताना तो पिनवर टेकलेला असतो आणि पिन टिकलीला भिडलेली असते. रिव्हॉल्व्हर हातातून निसटून घोड्यावर पडले, तर चाप न दाबताही गोळी सुटू शकते. विद्यार्थ्यांनी येथे एक साधे गणित करून पाहावे. सुमारे १ किलोग्रॅम वस्तुमानाची वस्तू १ मीटर उंचीवरून पडली, तर तिची स्थितिज ऊर्जा (वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची) सुमारे ९.८ जूल भरते. टिकली पेटायला एक जूलही लागत नाही. पडण्याच्या ऊर्जेचा थोडासा अंश पिनपर्यंत पोहोचला तरी पुरे!

हे टाळण्यासाठी घोड्याला एक सुरक्षा-खाच दिलेली होती. घोडा किंचित मागे ओढून त्या खाचेत अडकवला, की तो पिनपासून दूर राहतो. पण ही खाच आणि तीत अडकणारे चापाचे टोक, दोन्ही बारीक. जोराचा आघात झाला तर ती मोडू शकतात. म्हणून जाणकार लोक सहापैकी पाचच कप्पे भरत आणि घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवत. उपाय अचूक होता यात शंका नाही. मात्र तो यंत्रात नव्हता, माणसाच्या आठवणीत होता.

१९७३ साली रूगरने ‘न्यू मॉडेल’ बाजारात आणले. त्यात घोडा पिनला स्पर्शच करत नाही; तो खाली येऊन रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यावर टेकतो. चाप दाबला की पोलादाची एक पट्टी वर सरकते, घोडा आणि पिन यांच्या मधली फट भरून काढते आणि घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोहोचवते. चाप सोडला की पट्टी खाली जाते. म्हणजे चाप दाबलेला नसेल तर ठोक्याला वाटच नाही. हिला ट्रान्सफर बार म्हणतात. आता सहाही कप्पे भरले तरी चालते.

ही कल्पना त्या वेळी नवी नव्हती. आयव्हर जॉन्सन या अमेरिकन कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच ती वापरली होती. मग रूगरला इतका उशीर का झाला? एका जखमी मालकाचा खटला अलास्का राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९७९ च्या निकालात न्यायालयाने नमूद केले, की खाचांचा धोका कंपनीच्या वरिष्ठांना माहीत असल्याचा पुरावा आहे आणि सुधारणेचा वाढीव खर्च दर नगामागे दोन डॉलरांहून कमी होता. ज्युरीने ठरवलेली दंडात्मक भरपाईची रक्कम न्यायालयाला अवाजवी वाटली, पण अशी भरपाई देण्यास आधार आहे हे त्याने मान्य केले.

राहिला प्रश्न आधीच विकल्या गेलेल्या रिव्हॉल्व्हरांचा. १९८२ पासून कंपनीने जाहीर केले, की जुने रिव्हॉल्व्हर कारखान्यात पाठवा, आम्ही ट्रान्सफर बार, नवा घोडा आणि नवा चाप विनामूल्य बसवून देऊ. काढलेले मूळ भागही मालकाला परत मिळतात. विकलेल्या मालाची जबाबदारी एवढ्या वर्षांनंतरही घेणे कौतुकास्पद आहे, आणि अनेक मालक तसे मोकळेपणाने म्हणतातही.

तक्रारी मात्र वेगळ्याच आहेत. काहींच्या मते बदलानंतर चाप जड लागतो. संग्राहकांच्या दृष्टीने मूळ भाग बदललेल्या नगाची किंमत उतरते. आणखी एक तक्रार अशी, की दुसऱ्याच एखाद्या दुरुस्तीसाठी जुने रिव्हॉल्व्हर पाठवले तरी कारखाना हा बदल केल्याखेरीज ते परत करत नाही. त्यामुळे काही मालक नादुरुस्त रिव्हॉल्व्हरही कारखान्याकडे पाठवायला कचरतात. काही जण बदल करून घेतात आणि घरी आल्यावर जुने भाग पुन्हा बसवतात.

आमच्या मते बदलाचा आग्रह योग्यच आहे. धोका माहीत असताना ती वस्तू तशीच परत करणे कोणत्याही कारखान्याला शोभणार नाही. पण या धोरणाच्या परिणामांकडे पाहिले तर दोन उणिवा दिसतात. पहिली, नवी रचना १९७३ ची आणि जुन्यांसाठीची सोय १९८२ ची; मधली नऊ वर्षे सारा भार सूचनांवर राहिला. दुसरी, बदल झाला आहे की नाही हे चटकन ओळखता येत नाही. जुन्या मॉडेलच्या बाजूला तीन स्क्रू दिसतात व नव्याच्या बाजूला दोन पिना. परंतु बदल केलेल्या जुन्या नगावरही तीन स्क्रू तसेच राहतात. जुने भाग पुन्हा बसवलेला नग विकला गेला, तर घेणाऱ्याने केवळ स्क्रू मोजून काय ओळखावे?

मालकांचा युक्तिवादही तपासायला हवा. ‘आम्ही सावध आहोत, पाचच गोळ्या भरतो,’ असे ते म्हणतात. ते खरेही असेल. पण अशी वस्तू पन्नास-साठ वर्षे टिकते, बापाकडून मुलाकडे जाते, विकली जाते. वस्तू हस्तांतरित होते, सवय होत नाही. शिवाय अमेरिकेतील ग्राहक-सुरक्षा आयोगाला बंदुकांवर नियमन करण्यास १९७६ च्या कायद्याने मनाई आहे. इतर सदोष वस्तूंप्रमाणे हा आयोग या वस्तू परत मागवायला लावू शकत नाही. सारे काही मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहते.

आपल्याकडील दोन उदाहरणे शिक्षकांना वर्गात उपयोगी पडतील. आतून बसणाऱ्या झाकणाच्या प्रेशर कुकरमध्ये वाफेचा दाबच झाकण घट्ट धरून ठेवतो; दाब उतरेपर्यंत ते निघत नाही. तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन लांब असते. त्यामुळे विद्युतप्रवाहाच्या आधी जमिनीशी जोडणी होते. दोन्ही ठिकाणी कोणाला काही आठवावे लागत नाही.

आपल्या प्रयोगशाळेच्या भिंतीवरील नियमांची यादी विद्यार्थ्यांपुढे ठेवावी आणि प्रत्येक नियमाबाबत विचारावे : एखादा नवखा विद्यार्थी हा नियम विसरला, तर काय होईल? ज्या नियमाचे उत्तर ‘इजा होईल’ असे येईल, तेथे नियमाऐवजी साधनातच कोणता बदल करता येईल, याचा विचार त्यांच्याकडूनच करून घ्यावा.