मत, संमती आणि सार्वभौमत्व : खानदेशातून वाचलेले तीन मजकूर

केंद्र-राज्य संबंधांवरच्या मराठी वैचारिक लेखनात अलीकडे एक शब्द फार सैलपणे वापरला जातो : 'राज्याचे सार्वभौमत्व'. जीएसटीची भरपाई रखडली, राज्यपालांनी विधेयक अडवून धरले, कांद्याची किंवा कापसाची निर्यात एका रात्रीत बंद झाली, की हा शब्द अग्रलेखांतून आणि परिसंवादांतून हमखास येतो. त्यामागचा राग मला समजतो, बऱ्याचदा पटतोही. पण या शब्दाने आपली बाजू बळकट होत नाही आणि मूळ प्रश्न मात्र झाकला जातो, असे मला वाटते.

हे म्हणणे तपासून पाहण्यासाठी मी खानदेशाशी निगडित तीन मजकूर निवडले आहेत : फैजपूर काँग्रेसचा १९३६ चा ठराव, १९६० च्या मुंबई पुनर्रचना अधिनियमाची पहिली अनुसूची आणि महाराष्ट्राचा १९७१ चा कापूस कायदा. ठराव, अनुसूची, कायदा यांना आपण सहसा समीक्षेच्या कक्षेत घेत नाही. पण मजकुरात कोण बोलतो, कोणाला उद्देशून बोलतो आणि कोणाला बोलण्याची सोयच ठेवत नाही, हे पाहणे समीक्षेचेच काम आहे.

एक : फैजपूर

काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातील फैजपूरला भरले. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून सजवलेले टिळकनगर, अध्यक्षपदी जवाहरलाल नेहरू, साने गुरुजींनी अधिवेशनासाठी गावोगाव केलेला प्रचार, या गोष्टी आपल्याकडे पुष्कळदा सांगितल्या जातात. तिथे कोणता ठराव झाला, हे त्या मानाने कमी सांगितले जाते.

फैजपूरने १९३५ चा भारत सरकार कायदा नाकारला. या कायद्यात प्रांतांना स्वायत्तता देऊ केली होती आणि प्रांत व संस्थाने मिळून एक संघराज्य करण्याची योजना होती. वरवर पाहता प्रांतांना अधिकार देणारा हा कायदा. तरीही काँग्रेसने तो का नाकारला? या संघराज्यात संस्थानांचे प्रतिनिधी तिथली प्रजा निवडणार नव्हती, राजे नेमणार होते. प्रांतांच्या गव्हर्नरांकडे 'विशेष जबाबदाऱ्या' आणि स्वविवेकाधिकार राखून ठेवले होते. म्हणून ठरावाची मागणी होती ती प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या संविधान सभेची. अधिकार दिल्लीकडे किती आणि प्रांताकडे किती, हा हिशेब ठरावाने दुय्यम मानला. राज्यघटना कोणाच्या संमतीने होणार, हा त्याचा पहिला प्रश्न होता. त्याच अधिवेशनात शेतसारा, खंड आणि शेतकऱ्यांचे कर्ज यांविषयीचा कार्यक्रमही मंजूर झाला. म्हणजे संमतीचा प्रश्न आणि शेतकऱ्याचा प्रश्न फैजपूरला एकाच मांडवात होते.

पुढे घडले ते वेगळे. संस्थानिक पुरेशा संख्येने सामील न झाल्याने १९३५ चे संघराज्य प्रत्यक्षात आलेच नाही. संविधान सभा १९४६ साली बसली, पण ती प्रौढ मताधिकाराने निवडलेली नव्हती. मर्यादित मताधिकारावर निवडून आलेल्या प्रांतिक विधिमंडळांनी तिचे सदस्य निवडले, आणि संस्थानांचे प्रतिनिधी नंतर आले. फैजपूरने नाकारलेल्या कायद्याचा बराच सांगाडाही नव्या राज्यघटनेत उतरला. विषयांच्या तीन याद्या राहिल्या, राज्यपाल राहिले आणि अनुच्छेद १६३ मधून त्यांचा स्वविवेकही राहिला. संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी 'युनियन' या शब्दाचे स्पष्टीकरण देताना सांगितले की, हा संघ घटकांनी आपसात केलेल्या करारातून जन्मलेला नाही, आणि म्हणून कोणत्याही घटकाला त्यातून बाहेर पडता येणार नाही. ही भूमिका पटो न पटो, ती स्पष्ट आहे. आपल्या राज्यांनी कधी सार्वभौमत्व बाळगले आणि मग त्यातला काही भाग दिल्लीला दिला, असे घडलेले नाही. पश्चिम बंगाल सरकारने कोळसा असलेल्या आपल्या जमिनी केंद्राने संपादन करण्याला आव्हान दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने डिसेंबर १९६२ मध्ये हेच सांगितले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत तेवढे वेगळे पडले.

दोन : पहिली अनुसूची

दुसरा मजकूर पश्चिम खानदेशातला, म्हणजे आजच्या धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतला. १ मे १९६० हा दिवस आपण मिळवण्याचा दिवस म्हणून साजरा करतो, आणि १०६ हुतात्म्यांच्या स्मरणाने तो तसाच साजरा व्हायला हवा. पण ज्या कायद्याने महाराष्ट्र झाला, त्याची पहिली अनुसूची ही गावांची यादी आहे. तिच्या पहिल्या भागात ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यातली गावे आहेत. दुसऱ्या भागात पश्चिम खानदेशातील नवापूर आणि नंदुरबार तालुक्यांतली, तिसऱ्या भागात अक्कलकुवा आणि तळोदे तालुक्यांतली. ही सारी गावे कलम ३ अन्वये गुजरातमध्ये गेली. दुसऱ्या भागातली सोनगड तालुक्याला जोडली गेली, तिसऱ्या भागातली सागबाऱ्याला. आज गुजरातच्या तापी जिल्ह्यात असलेले निझर हे त्याच पट्ट्यातले. तापीवरचे उकाई धरण याच भागाच्या खालच्या अंगाला उभे राहिले आणि १९७२ मध्ये पूर्ण झाले.

ही अनुसूची मोठ्याने वाचून पाहावी. तीत क्रियापद नाही, कर्ता नाही. गावामागून गाव येते. कायद्याची भाषा अशीच असते, हे मान्य. तरीही संयुक्त महाराष्ट्राची आपण जी गोष्ट सांगतो, तिची भाषा याच्या अगदी उलट, कर्त्यांनी आणि क्रियापदांनी भरलेली आहे : लढलो, झगडलो, मिळवले. त्या गोष्टीत मुंबई आहे, बेळगाव-कारवार आहे, डांग आहे. पश्चिम खानदेशातली ही गावे आली तर एखाद्या वाक्यात येतात.

इथे दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. पहिली दिल्लीच्या अधिकाराची. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ नुसार संसद साध्या कायद्याने राज्याची सीमा, क्षेत्र, नाव बदलू शकते. विधेयक राज्याच्या विधिमंडळाकडे जाते, पण 'मत' मांडण्यासाठी. 'संमती' हा शब्द तिथे नाही, आणि १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने त्या मतालाही मुदत घालता येईल अशी सोय केली. या तरतुदीचा पहिला मोठा अनुभव महाराष्ट्रालाच आला. १९५६ च्या राज्य पुनर्रचना विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक होते, आणि विधिमंडळाने मत दिले ते त्यावर. संसदेने मंजूर केले ते द्वैभाषिक मुंबई राज्य. बदललेली योजना पुन्हा मतासाठी पाठवायला हवी होती, हा बाबुलाल पराते यांच्या याचिकेतला मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९५९ मध्ये फेटाळला. म्हणजे एका योजनेवर मत विचारून दुसरी योजना करता येते, हा निकाल आपल्याच प्रकरणातून निघालेला आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत एखाद्या राज्याच्या हद्दीतून नवे राज्य काढायचे तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. आपल्याकडे लागत नाही. आंध्रच्या विधानसभेने २०१४ च्या जानेवारीत विभाजनाचे विधेयक नाकारले, तरी तेलंगण झाले. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरची विधानसभा बरखास्त होती, तेव्हा तिच्या वतीने संसदेनेच मत दिले आणि राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश केले. १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित होणार म्हणून पेटून उठलेल्या महाराष्ट्राला हा प्रकार परका वाटू नये.

दुसरी गोष्ट आपल्याला अवघड जाणारी आहे. १९६० ची वाटणी दिल्लीने एकटीने लादली, असे म्हणता येत नाही. द्वैभाषिकातले मराठी आणि गुजराती नेते वाटाघाटीत होते. देणीघेणी ठरली, तशीच गावेही ठरली. विधिमंडळाचे मतही घेतले गेले. समजा, त्या वेळी अनुच्छेद ३ मध्ये 'संमती' हा शब्द असता, तरी या गावांचे काय झाले असते? संमती मुंबईच्या विधिमंडळाने दिली असती, आणि गावे गेलीच असती. 'राज्याचे सार्वभौमत्व' हा शब्द इथे पुरत नाही तो यामुळे. तो दिल्ली आणि मुंबई यांच्यातल्या रेषेपाशी थांबतो. मुंबई आणि नवापूर यांच्यातल्या रेषेबद्दल त्याला काही म्हणायचे नसते.

तीन : कापूस

तिसरा मजकूर जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांच्या शेतात उगवतो. भारताच्या राज्यघटनेच्या मूळ इंग्रजी संहितेत 'कपास' हा आपला शब्द आहे. अनुच्छेद ३६९ ने पहिली पाच वर्षे काही जिनसांवर कायदा करण्याचा अधिकार संसदेला दिला. त्या यादीत कच्चा कापूस आहे आणि कंसात सरकी न काढलेला 'कपास'. मुदत संपत आली तेव्हा १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीतील ३३ वी नोंद वाढवली आणि कच्चा कापूस व सरकी तिथे कायमची बसवली. शेती हा राज्याचा विषय, पण शेतात पिकलेला कापूस विकण्याचा विषय दोघांचा. दोघांचा म्हणजे, कायदे एकमेकांशी विसंगत ठरले तर सहसा संसदेचा. राज्याचा कायदा टिकवायचा तर अनुच्छेद २५४ खाली राष्ट्रपतींची अनुमती लागते.

याच चौकटीत महाराष्ट्राने १९७१ चा कापूस कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी सुरू झाली. राज्याने आपल्या अधिकारात केलेला हा मोठा प्रयोग होता. व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवावे, हमीभाव द्यावा, नफा झाला तर त्यातला वाटा द्यावा, हे हेतू चांगले होते. योजना मुदतीची होती, ती वाढवून घ्यायला राज्याला वेळोवेळी दिल्लीकडे पाहावे लागे. केंद्राच्या वरचष्म्याचे उदाहरण म्हणून हे देता येते आणि द्यावेही.

पण कायद्याची दुसरी बाजू शेतकऱ्याकडे तोंड करून होती. कापूस सरकारी खरेदी केंद्रावरच घालायचा, दुसऱ्या कोणाला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. खानदेश हा सीमेवरचा मुलूख. रावेरहून बऱ्हाणपूर जवळ, शिरपूरहून सेंधवा जवळ, नवापूरहून तर गुजरात हाकेच्या अंतरावर. पलीकडे भाव जास्त असला, की कापूस रात्री सीमा ओलांडे, आणि नाक्यावर पकडला गेला तर आपलाच कापूस घेऊन जाणारा शेतकरी चोर ठरे. इकडे खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा, प्रतवारीवरून वाद आणि चुकाऱ्याची वाट. शेतकरी संघटनेने या सक्तीला विरोध केला तो याच अनुभवातून. नव्या शतकाच्या सुरुवातीला खासगी खरेदीला वाट मिळाली आणि एकाधिकार संपला.

एकाधिकार गेला म्हणून दिल्लीचा हात सुटला, असे झाले नाही. परदेश व्यापार संघसूचीत आहे. ५ मार्च २०१२ रोजी केंद्राने कापसाची निर्यात अचानक बंद केली. आपल्याला विचारले नाही, असे त्या वेळचे केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनीच जाहीरपणे सांगितले. काही दिवसांत निर्णय सैल झाला. मंत्रिमंडळातल्या मंत्र्याला विचारले गेले नाही, तर जळगावच्या शेतकऱ्याला कोण विचारणार?

या दोन प्रसंगांतला सारखेपणा मला महत्त्वाचा वाटतो. एकात राज्याने शेतकऱ्याला सीमेवर अडवले, दुसऱ्यात केंद्राने बंदरावर. अडवणाऱ्याचा झेंडा बदलला. ज्याला अडवले तो तोच राहिला.

शब्दाचा हिशेब

यावर आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. दिल्लीकडे अधिकार एकवटत असताना राज्याचे दोष काढणे म्हणजे दिल्लीच्या हाती कोलीत देणे नव्हे काय? मला तसे वाटत नाही. खरे तर सार्वभौमत्वाचा दावाच दिल्लीला सोयीचा आहे, कारण त्याला उत्तर देणे सोपे आहे : राज्ये सार्वभौम नव्हती, नाहीत, न्यायालयाने सांगितले आहे. संमतीचा दावा मात्र असा उडवून लावता येत नाही. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार, त्यांना आधी विचारा आणि त्यांच्या उत्तराला किंमत द्या, हे तत्त्व लोकशाहीतच आहे. त्यासाठी सार्वभौम असावे लागत नाही.

मात्र हा दावा करणाऱ्यावर एक बंधन येते. वर मागितलेले खाली द्यावे लागते. १९९६ च्या पेसा कायद्यात अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी 'विचारविनिमय' करा, असे म्हटले आहे. संमती हा शब्द तिथेही नाही. त्या कायद्याचे नियम करायला महाराष्ट्राला २०१४ साल उजाडले. अक्कलकुवा, नवापूर, तळोदे हे पेसाचेच तालुके, आणि १९६० च्या अनुसूचीत ज्यांची गावे गेली तेही हेच. अनुच्छेद ३ मध्ये दिल्ली राज्याशी जशी वागते, तसे इथे राज्य ग्रामसभेशी वागते. केवळ मत विचारले म्हणून आपण रागावतो, आणि आपल्यावर विचारायची वेळ आली की केवळ मतच विचारतो.

म्हणून राज्यांच्या हक्कांवर मराठीत लिहिणाऱ्यांना माझी सूचना साधी आहे. 'सार्वभौमत्व' हा शब्द काही काळ बाजूला ठेवून पाहावा आणि त्या जागी 'संमती' लिहून वाक्य टिकते का ते तपासावे. पुष्कळ वाक्ये टिकतील, उलट अधिक धारदार होतील. काही टिकणार नाहीत; तिथे आपण राज्याच्या नावाने राज्यकर्त्यांचाच अधिकार मागत होतो, असे समजावे.

दुसरी सूचना संशोधकांना. राजवाड्यांनी दप्तरे मिळवण्यासाठी गावोगाव पायपीट केली. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यातच आहे. पहिल्या अनुसूचीतल्या गावांत १ मे १९६० रोजी ज्यांनी जाणत्या वयात राज्य बदललेले पाहिले, ती माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. शाळेची भाषा कधी बदलली, सातबारा कोणत्या कचेरीत गेला, बाजार कोणत्या गावचा धरला आणि त्या दिवसापूर्वी आपल्याला कोणी काही विचारले होते का, हे त्यांना विचारायला हवे. अनुसूचीत गावांची नावे आहेत. त्यांचे म्हणणे अजून नोंदवता येईल.