सहा आणि सात यांच्यामधला विद्यार्थी : एका मोजपट्टीचं परीक्षण

मागच्या वेळी आपण मोजमापाची 'विश्वासार्हता' आणि 'वैधता' यांतला फरक पाहिला. त्यावर एकाने विचारलं, "हे नेट-सेटच्या पेपरापलीकडे कुठे लागतं का?" लागतं. कधीकधी एखाद्याचं कॉलेजचं वर्ष त्यावर अवलंबून असतं.

माझ्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ सोलापुरात बी.एस्सी.ला आहे. वय १९. दीड वर्षापूर्वी त्याला बायपोलर डिसऑर्डरचं निदान झालं. काही आठवडे झोपच नाही, बोलणं थांबत नाही, डोक्यात शंभर बेत. मग महिना-दोन महिने अंथरुणातून उठणं अवघड. मधल्या काळात मात्र तो वर्गातल्या कुणाहीसारखाच. औषधं सुरू आहेत, पण हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली. घरच्यांनी सवलत मागितली तेव्हा उत्तर मिळालं, "४० टक्क्यांचं सर्टिफिकेट आणा." (त्याला विचारूनच हे लिहितेय. नाव आणि कॉलेज सांगणार नाही.)

हे ४० टक्के येतात कुठून? आपल्याकडे मानसिक आजारातलं अपंगत्व 'आयडियाज' नावाच्या मोजपट्टीने मोजतात. ती इंडियन सायकियाट्रिक सोसायटीच्या पुढाकाराने तयार झाली आणि २००२ मध्ये केंद्र सरकारने प्रमाणपत्रासाठी स्वीकारली. चार क्षेत्रं आहेत : स्वतःची काळजी, लोकांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम. विद्यार्थ्याचं शिक्षण 'काम' या खान्यात येतं. प्रत्येक क्षेत्राला ० ते ४ गुण. त्यात आजार किती जुना आहे याचे गुण मिळवायचे : दोन वर्षांच्या आत १, दोन ते पाच वर्षं २, सहा ते दहा वर्षं ३, दहाच्या वर ४. एकूण २०. बेरीज ७ झाली की ४० टक्के.

आधी चांगलं ते सांगते. पट्टी छोटी आहे. रुग्णासोबत घरच्यांनाही विचारून भरता येते. सरकारी रुग्णालयाच्या गर्दीतही वापरता येते, त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. मानसिक आजारातही अपंगत्व येतं, हे आकड्यात मांडून तिने अनेकांना हक्क मिळवून दिले. वर्षानुवर्षं आजारी असलेल्या माणसाचं नुकसान साचत जातं, म्हणून कालावधीला गुण देण्यामागेही तर्क आहे.

आता वही काढा आणि बेरीज करा. समजा एखाद्याचे गुण असे आहेत : स्वतःची काळजी ०, संबंध १, संवाद १, शिक्षण ३. झाले ५. आजार दीड वर्षाचा, म्हणून अधिक १. एकूण ६. म्हणजे ४० टक्क्यांच्या खाली. हेच पाच गुण असलेला दुसरा माणूस, पण आजार बारा वर्षांचा : ५ अधिक ४, म्हणजे ९. तो पात्र. आजच्या घडीला दोघांची अडचण तेवढीच आहे.

याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. पहिल्याची अडचण तसूभरही वाढली नाही, फक्त अजून सहा महिने गेले, की कालावधीचे गुण २ होतात आणि बेरीज ७. म्हणजे मदत हवी असेल तर थांबा. पण सेमिस्टर थांबत नाही ना! बायपोलर बहुतेकदा किशोरवयाच्या शेवटी किंवा विशीत सुरू होतो, म्हणजे ऐन कॉलेजच्या वयात. ज्याला सुरुवातीलाच आधार हवा, त्याचेच गुण पट्टी कमी धरते.

दुसरा आक्षेप वैधतेचा. हा आजार भरती-ओहोटीसारखा आहे आणि पट्टी शेवटी एकच आकडा देते. फेब्रुवारीत ठीक आणि एप्रिलमध्ये कोसळलेला, हा फरक त्या आकड्यात दिसत नाही. दोन डॉक्टरांनी सारखेच गुण दिले तर पट्टी विश्वासार्ह ठरेल, पण 'या मुलाला कॉलेजात काय लागेल?' हे ती सांगत नाही. ती त्यासाठी बनलेलीच नाही. म्हणून दोष पट्टीइतकाच ती भलत्या दारावर लावणाऱ्यांचाही आहे.

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात ही दोन दारं वेगळी आहेत. ४० टक्क्यांची अट उच्च शिक्षणातलं किमान ५ टक्के आरक्षण, वयाची सूट अशा गोष्टींसाठी आहे. गरजेनुसार वाजवी सोय करून देणं हे वेगळं कर्तव्य आहे. 'विकास कुमार विरुद्ध यूपीएससी' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये हेच स्पष्ट केलं : लेखनिकासारखी सोय ४० टक्क्यांपुरती बांधून ठेवता येणार नाही.

आणि सोयी तरी काय असतात? लिथियम घेणाऱ्यांपैकी काहींचे हात थरथरतात, त्यांना पेपरात जादा वेळ. लिथियमने तहान लागते आणि शरीरातलं पाणी कमी झालं तर रक्तातलं औषध धोकादायक पातळीला जाऊ शकतं. आपल्या सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे ४० अंशांच्या वर, तेव्हा परीक्षा हॉलमध्ये पाण्याची बाटली आणि बाथरूमला जायची मुभा. जागरणाने उन्मादाचा झटका येऊ शकतो, म्हणून 'नाईट मारून' सबमिशन करावं लागू नये इतकी आगाऊ सूचना. आजारपणातल्या गैरहजेरीचा विचार, नोट्स, आणि सगळं एकदाच सांगता येईल असे एक सर किंवा मॅडम, जे ते स्टाफरूमभर करणार नाहीत. यातल्या कशाला खर्च येतो?

तुम्ही उद्या संशोधनात कुठलीही मोजपट्टी उचलाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. ती कुणासाठी बनली? बेरजेत कुठला घटक कुणाला आपोआप मागे टाकतो? आणि आपण तिला विचारतोय त्या प्रश्नाचं उत्तर ती देते का? थिसिसमध्ये नेमक्या कोणत्या आकड्यावर रेघ मारली, तेही कारणासकट लिहा. रेघेच्या अलीकडे-पलीकडे माणसं असतात.

मैत्रिणीच्या भावाने आता प्रमाणपत्राचा नाद सोडून डॉक्टरांचं पत्र आणि सोयींची एक पानी यादी दिली आहे. अर्ज अजून टेबलावर आहे. परीक्षा जवळ आली आहे.