‘शॉन ऑफ द डेड’ : विडंबनातील जिव्हाळा

विडंबन हा प्रकार पुष्कळांना वाटतो तितका सोपा नाही. कुणाची नक्कल करून चार माणसांना हसविणे निराळे आणि एखाद्या कलाकृतीला भिडून, तिच्याच चालीवर, तिच्याविषयी काही बोलणे निराळे. १९२५ साली ‘केशवकुमार’ या नावाने आचार्य अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध केली, तेव्हा रविकिरण मंडळाच्या कवितेचा महाराष्ट्रात मोठा बोलबाला होता. अत्र्यांनी त्या कवितेची यथेच्छ थट्टा केली. परंतु थट्टा करणाऱ्याचा कान किती तयार होता, हे ते पुस्तक वाचताना ध्यानात आल्यावाचून राहत नाही. ज्याला मूळ चाल नीट गुणगुणता येत नाही, त्याला ती बिघडविताही येत नाही. विडंबनाची ही पहिली अट होय. दुसरी अट याहून कठीण आहे. मूळ कृतीला जो प्रश्न सुचला नाही तो विडंबनाने विचारला पाहिजे. नाही तर त्याचे आयुष्य मूळ कृतीच्या लोकप्रियतेइतकेच उरते.

या दोन कसोट्या मनाशी ठेवून आम्ही येथे ‘शॉन ऑफ द डेड’ या इंग्रजी चित्रपटाचा विचार करणार आहोत. २००४ साली आलेला हा चित्रपट चालत्याबोलत्या प्रेतांचा आहे आणि तो विनोदी आहे, एवढे ऐकताच काही वाचक नाक मुरडतील. त्यांनी थोडा धीर धरावा, अशी आमची विनंती आहे.

‘झॉम्बी’ हा शब्द प्रथम कानी पडतो तेव्हा मराठी माणसाला आपली ‘झोंबी’ आठवते. आनंद यादवांचे त्या नावाचे पुस्तक आठवते. हा शब्द मात्र हैती बेटाकडून आलेला आहे. तेथील लोकसमजुतीप्रमाणे मांत्रिक मेलेल्या माणसाला उठवितो आणि त्याच्याकडून शेतमळ्यावर काम करून घेतो. ज्या बेटावर उसाच्या मळ्यांत गुलामांच्या पिढ्या खपल्या, तेथे मरणानंतरही मजुरी सुटत नाही, ही कल्पना सर्वांत भयंकर वाटावी यात नवल नाही. आपल्याकडील भुते या बाबतीत बरीच सुखी म्हणावी लागतील. आपला मुंजा पिंपळावर राहतो, त्याला नाव असते, त्याची काही इच्छा उरलेली असते आणि ती पुरविली तर तो समजूतदारपणे निघूनही जातो. झॉम्बीला नाव नाही, इच्छा नाही. जे आहे ते चालणे. १९३२ सालच्या ‘व्हाइट झॉम्बी’ या चित्रपटात साखरेच्या गिरणीत मुकाट राबणारी अशी प्रेते दाखविली आहेत.

अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो याने १९६८ साली ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा कृष्णधवल चित्रपट अगदी तुटपुंज्या भांडवलावर काढला आणि या प्रेताला मळ्यावरून सोडवून माणसाच्या मागे लावले. मेलेले उठतात, हळूहळू चालत येतात, जिवंतांना चावतात आणि चावलेला त्यांच्यात सामील होतो, हे नियम मुख्यतः त्या चित्रपटापासून रूढ झाले. १९७८ साली त्यानेच ‘डॉन ऑफ द डेड’ काढला. चार माणसे एका भव्य बाजारसंकुलात आश्रय घेतात आणि बाहेर प्रेतांची दाटी होते. ही प्रेते येथेच का येतात, तर जिवंतपणी येथे येण्याची त्यांना सवय होती म्हणून. या एका उत्तरात रोमेरोची सगळी टीका साठविलेली आहे. हा चित्रपट अफाट चालला. २००४ च्या मार्चमध्ये झॅक स्नायडर याने त्याच नावाने त्याची नवी आवृत्ती काढली. तिला २ कोटी ६० लाख डॉलर खर्च आला आणि जगभर तिने १० कोटींहून अधिक मिळविले. स्नायडरची प्रेते मात्र चालत नाहीत, ती धावतात.

त्यानंतर काही आठवड्यांतच, त्याच वर्षी एप्रिलमध्ये, लंडनच्या दोन तरुणांचा चित्रपट इंग्लंडात झळकला. दिग्दर्शक एडगर राइट, लेखन त्याचे आणि सायमन पेगचे, नायकही पेगच. खर्च सुमारे ४० लाख पौंड, म्हणजे स्नायडरच्या चित्रपटाच्या जेमतेम चौथ्या हिश्शाइतका. ‘डॉन’च्या जागी ‘शॉन’ हे नाव घालताच शीर्षकाचेच विडंबन झाले. पहाटेच्या जागी एक सामान्य तरुण आला आणि आमच्या मते चित्रपटाचे सारे मर्म या एका बदलात आहे.

शॉन एकोणतीस वर्षांचा आहे. विजेच्या उपकरणांच्या दुकानात विक्रेत्याचे काम करतो. सावत्र बापाशी त्याचे पटत नाही. एड नावाचा एक बेकार, आळशी, परंतु लाघवी मित्र त्याच्या बिऱ्हाडी ठाण मांडून बसला आहे. लिझ ही त्याची प्रेयसी. पण तिला घेऊन तो रोज संध्याकाळी त्याच एका दारूच्या गुत्त्यात जातो. अखेर ती कंटाळून त्याला सोडून जाते. या सर्व गडबडीत जग संपण्याच्या मार्गाला लागले आहे, याचा शॉनला पत्ताच नसतो.

प्रारंभीची नामावली पाहावी. दुकानात पैसे घेणाऱ्या मुली, हातगाड्या ढकलणारे नोकर, बसच्या रांगेतील माणसे, सर्वजण एकाच तालावर, डोळ्यांत काही भाव नसलेले, हलत आहेत. अजून एकही माणूस मेलेला नाही. पुढे शॉन सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, तो प्रसंग कॅमेरा न थांबता एका सलग दृश्यात टिपतो. दुसऱ्या दिवशी, रात्रीची झिंग डोळ्यांवर असताना, तो त्याच वाटेने त्याच दुकानात जातो. या वेळी रस्त्यात मोटारीच्या काचा फुटल्या आहेत, माणसे पळत सुटली आहेत, दुकानातील शीतपेट्यांवर रक्ताळलेल्या हातांचे ठसे आहेत. शॉन सांडलेल्या रक्तावरून घसरतो आणि वर पाहतही नाही. परत येताना एक प्रेत हात पसरून त्याच्याकडे येते, तर तो भिकारी समजून सुटे पैसे नसल्याचे सांगून पुढे जातो.

प्रेक्षागृहात हे दृश्य पाहून लोक पोट धरून हसतात. आम्हीही हसलो. परंतु हसू ओसरल्यावर काहीसे अवघडल्यासारखे झाले. दिल्लीत आम्ही आता दहा वर्षे काढली आहेत. वसाहतीतून निघून मेट्रो गाठावी, कचेरीत यंत्रावर बोट टेकवून हजेरी लावावी, आलेल्या टिपणीखाली आपली टिपणी जोडून ती वर पाठवावी, डबा खावा, सायंकाळी त्याच मार्गाने परतावे. या वाटेवर कालच्यापेक्षा आज काय निराळे होते, असे कोणी विचारले तर आम्हांस सांगता येणार नाही. रोमेरोने विचारले होते की, मेलेला माणूस कसा वागेल? राइट आणि पेग विचारतात की, तो मेला आहे हे ओळखू यावे, इतका तो जिवंतपणी निराळा वागत होता काय? मूळ कृतीच्या पोटात असलेला, पण तिने उघडपणे न विचारलेला प्रश्न हा असा आहे. आमच्या दुसऱ्या कसोटीला चित्रपट येथे उतरतो.

पहिल्या कसोटीविषयी तर शंकाच नको. प्रेते हळू चालली पाहिजेत, हा रोमेरोचा नियम या दोघांनी कटाक्षाने पाळला आहे आणि त्यांचा निम्मा विनोद त्या संथपणातूनच निघतो. परसात दोन प्रेते चालून येत असताना शॉन आणि एड जुन्या तबकड्या त्यांच्यावर फेकून मारतात. परंतु कोणती तबकडी फेकायची आणि कोणती ठेवायची, यावर त्यांचा वाद चालतो. शत्रू धावत आला असता तर रसिकतेला एवढी सवड मिळाली नसती. संहितेची वीणही अशीच घट्ट आहे. प्रेमभंगाच्या रात्री एड मित्राचे सांत्वन करताना उद्या कोठे कोठे प्यायचे याचा बेत सांगतो. त्यातील एकेक पेय आणि एकेक गुत्ता म्हणजे दुसऱ्या दिवशी घडणाऱ्या प्रसंगांची क्रमवार यादीच असते, हे दुसऱ्यांदा पाहताना कळते. ज्यांना मूळ प्रकाराची टिंगल करून मोकळे व्हायचे असते, ते इतके कष्ट घेत नाहीत. रोमेरोलाही हे भावले. त्याने या दोघांना आपल्या पुढच्या, २००५ सालच्या, ‘लँड ऑफ द डेड’ मध्ये प्रेतांच्या लहानशा भूमिका दिल्या. ज्याचे विडंबन झाले त्याने विडंबनकाराला पंक्तीला बसवावे, याहून दुसरी पावती कोणती?

तथापि चित्रपटाची खरी उंची आम्हांस विनोदात दिसली नाही. ती दिसली शॉनच्या सावत्र बापाच्या आणि आईच्या मरणात. फिलिप, म्हणजे सावत्र बाप, मोटारीत शेवटचे क्षण मोजीत असताना शॉनला सांगतो की, आपले त्याच्यावर नेहमीच प्रेम होते, पण बापाचे काम आपल्याला नीट जमले नाही. बिल नाय या नटाने हे चार शब्द इतक्या संकोचाने म्हटले आहेत की, प्रेक्षागृह एकदम शांत होते. पुढच्याच क्षणी तो प्रेत होऊन उठतो. गाडीत आता पूर्वीच्या माणसाचे काहीच उरले नाही, असे शॉन आईला कळवळून सांगत असतो आणि आत ते प्रेत हात पुढे करून कर्कश संगीत बंद करते. जिवंतपणीही त्याला ते संगीत सहन होत नसे! हसावे की रडावे, हा प्रश्न येथे खरोखरीच पडतो.

आईचा प्रसंग याहून जिव्हारी लागणारा आहे. बार्बराला वाटेत कुठेतरी चावा बसलेला असतो. पण ती कोणाला सांगत नाही. उगाच सर्वांना त्रास कशाला, एवढेच तिचे म्हणणे. पेनेलपी विल्टन या अभिनेत्रीने हे सारे कसलाही आवाज न चढविता केले आहे. मग शॉनला जे करावे लागते ते येथे सांगत नाही. वाचकांनी तर्क करावा.

घरापासून दूर नोकरी करणाऱ्या प्रत्येक माणसाला ही आई ओळखीची वाटेल. आमची आई साताऱ्यास असते. दर रविवारी फोन होतो. दर रविवारी तिची प्रकृती उत्तम असते. दोन वर्षांमागे ती घसरून पडली आणि तिचा हात मोडला. हे आम्हांस कळले ते प्लास्टर निघाल्यावर. रजा मिळायची नाही, उगाच जीव टांगणीला लागेल, म्हणून कळविले नाही, असे तिने सांगितले. त्या मधल्या सहा रविवारी आम्ही तिच्याशी पाऊसपाण्याच्या गोष्टी बोललो होतो आणि तिच्या आवाजात आम्हांस काहीही निराळे ऐकू आले नव्हते. तेव्हा रक्तावरून घसरून वर न पाहणाऱ्या शॉनला हसण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, हे आम्ही सांगू शकत नाही.

चित्रपटात दोष नाहीत असे नाही. गुत्त्यातील शेवटचा झगडा लांबला आहे. तेथे बंदूक हाती आली की विनोदाची धार जाते आणि ज्या धांगडधिंग्याची थट्टा चालली होती, तोच काही काळ पडद्यावर सुरू होतो. लिझच्या वाट्याला नायकाविषयी तक्रार करणे आणि मग ती मागे घेणे, यापलीकडे फारसे काही आलेले नाही. आणि शेवट! सहा महिन्यांनी सारे स्थिरस्थावर होते. शॉनला लिझ परत मिळते आणि प्रेत झालेला एड परसातील खोपटात साखळीला बांधलेला, पूर्वीसारखाच शॉनच्या सोबतीने पडद्यावरचे खेळ खेळत बसतो. शॉनला काहीच सोडावे लागत नाही. ज्या सवयीने त्याला आंधळे केले, तिलाच त्याने घराच्या मागील बाजूस जागा करून दिली. ही लेखकांची क्षमाशीलता की पळवाट? आमचा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. परंतु ते दृश्य पाहताना आम्हांस बरे वाटले, हेही कबूल केले पाहिजे.

त्याच शेवटात एक गोष्ट मात्र फार मार्मिक आहे. उरलेल्या प्रेतांना आता कामाला लावले आहे, अशी बातमी दूरचित्रवाणीवर येते; दुकानाच्या हातगाड्या गोळा करण्याची हलकी कामे ती उत्तम करतात. म्हणजे नामावलीत जे काम जिवंत माणसे करीत होती, तेच आता मेलेली करीत आहेत आणि गिऱ्हाइकांना फरक जाणवत नाही. हैतीच्या मळ्यातून सुटलेले प्रेत पुन्हा मजुरीवर रुजू झाले. हे वर्तुळ रोमेरोने पुरे केले नव्हते. ते त्याच्या विडंबनकारांनी पुरे केले.

मराठीतही २०२२ साली आदित्य सरपोतदार यांनी ‘झोंबिवली’ काढून हा प्रकार डोंबिवलीत आणला. दाटीवाटीच्या लोकलमध्ये रोज उभ्याने प्रवास करणाऱ्या गावाची निवड या विषयासाठी व्हावी, हे योग्यच झाले. त्या चित्रपटाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

‘शॉन ऑफ द डेड’ आम्ही पाहिला तो एका शनिवारी रात्री. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे साताऱ्यास फोन केला. आईने प्रकृती उत्तम असल्याचे सांगितले. या वेळी आम्ही फोन धाकट्या बहिणीकडे द्यावयास सांगितला आणि तिलाही विचारले.